न्यूट्रिनोच्या टाक्या आणि योगायोगाची दंतकथा

जपानच्या गिफू प्रांतात, हिदा शहराच्या हद्दीतल्या एका डोंगराच्या पोटात ६९ मीटर व्यासाची आणि घुमटासकट ९४ मीटर उंचीची गुहा २०२५ मध्ये खोदून पूर्ण झाली. तिथे ‘हायपर-कामिओकांडे’ हा न्यूट्रिनो नावाचे मूलकण टिपणारा शोधक उभा राहतो आहे: सुमारे २ लाख ६० हजार टन अतिशुद्ध पाणी आणि त्यावर नजर ठेवणाऱ्या सुमारे २० हजार फोटोमल्टिप्लायर नळ्या, म्हणजे अगदी अंधुक प्रकाशही टिपणाऱ्या नळ्या. अशा प्रकल्पाचा विषय निघाला की आपल्याकडचा वाद दोन ठरलेल्या वाटांनीच जातो. एक बाजू विचारते, जो कण पृथ्वीतून आरपार निघून जातो आणि कुणाच्या पोटाला काही देत नाही, त्याच्यासाठी एवढा खर्च कशाला? दुसरी बाजू उत्तर देते, पहिला कामिओकांडे प्रोटॉनचा क्षय (प्रोटॉन कधी आपोआप फुटतो का) शोधायला बांधला होता, हाती लागले न्यूट्रिनो आणि मिळालं नोबेल. कुठून काय सापडेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून पैसे द्यावेत. तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यातल्या प्रस्तावित न्यूट्रिनो वेधशाळेवर बोलतानाही हीच दोन वाक्यं फिरून फिरून ऐकू येतात.

माझ्या मते या वादात समर्थकांचीच चूक अधिक महागात पडणारी आहे. पाण्याच्या टाकीचं समर्थन योगायोगावर उभं करणं इतिहासाला धरून नाही, आणि धोरण म्हणून तर ते घातक आहे. सगळं नशिबावर असेल तर मोठी टाकी बांधायची, फीत कापायची आणि वाट बघत बसायचं, एवढंच काम उरतं. प्रत्यक्षात या टाक्यांनी जे टिपलं ते त्यांची पात्रता आधी पायरीपायरीने वाढवली गेली म्हणून टिपलं. ती पात्रता आकड्यांत मोजता येते, आणि पैसे मागणाऱ्याला तिचा हिशेब विचारता येतो.

विरोधकांचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. न्यूट्रिनोतून वीज, औषध किंवा रोजगार निघणार नाही, निदान आज कुणालाही तसं प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. ‘यातून तंत्रज्ञान निघतं’ हा युक्तिवादही लंगडा आहे. चांगल्या प्रकाशनळ्या हव्या असतील तर त्यांच्यासाठी थेट पैसे देणं स्वस्त पडेल, डोंगर पोखरायची गरज नाही. खर्च सार्वजनिक आहे आणि तो एकदाच होत नाही, दशकानुदशके चालू राहतो. पाण्याचाच आकडा घ्या. कामिओकांडेनंतर बांधलेल्या आणि आज चालू असलेल्या सुपर-कामिओकांडेत ५० हजार टन, म्हणजे ५ कोटी लिटर पाणी आहे. दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यातल्या वाचकाला हा आकडा टोचला तर त्यात वावगं काही नाही. हे पाणी एकदाच भरलं जातं आणि तेच शुद्ध करून सतत फिरवलं जातं, हे खरं. पण त्याने किमतीचा प्रश्न सुटत नाही. तो सोडवायचा तर टाकी नेमकं काय करते ते पाहावं लागेल.

सूर्याकडून पृथ्वीवर दर चौरस सेंटीमीटरमागे दर सेकंदाला सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो येतात. सुपर-कामिओकांडेच्या वापरायोग्य २२,५०० टन पाण्यात त्यातले दिवसाला पंधरा-वीस ओळखू येतात. न्यूट्रिनो स्वतः कधीच दिसत नाही. तो पाण्यातल्या एखाद्या इलेक्ट्रॉनला धडकतो किंवा अणुकेंद्रकाशी क्रिया करतो, आणि त्यातून निघालेला विद्युतभारित कण पाण्यातल्या प्रकाशापेक्षा वेगाने धावतो. पाण्यात प्रकाशाचा वेग निर्वातातल्या वेगाच्या सुमारे तीन चतुर्थांश असल्यामुळे हे शक्य होतं. असा कण आपल्या वाटेभोवती सुमारे ४२ अंशांच्या शंकूत निळसर प्रकाश सोडतो. त्यालाच चेरेनकोव्ह प्रकाश म्हणतात. शंकू भिंतीवर पोचला की तिथल्या नळ्यांत वलय उमटतं. म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद, सरळ जातो, त्याच्या वलयाची कड रेखीव असते. इलेक्ट्रॉन वाटेत विखुरतो, नवे कण जन्माला घालतो, म्हणून त्याच्या वलयाची कड विसविशीत असते. कुठल्या नळीत प्रकाश किती नॅनोसेकंद आधी पोचला यावरून घटनेची जागा कळते, वलयाच्या मध्यावरून दिशा आणि एकूण प्रकाशावरून ऊर्जा.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण १० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन पाण्यात जेमतेम पाच सेंटीमीटर जातो, आणि अकरा हजारांहून अधिक नळ्यांपैकी साठेक नळ्यांत त्याची खूण उरते, तीही बहुतेक ठिकाणी एकेका प्रकाशकणाची. ती ओळखायची तर बाकी सगळं गप्प करावं लागतं. हजार मीटर खडकाखाली जाऊनही सुपर-कामिओकांडेतून विश्वकिरणांमुळे वरून येणारे सेकंदाला दोनेक म्युऑन जातात, म्हणजे दिवसाला दोन लाखांच्या आसपास. ते स्वतः सहज ओळखू येतात. त्रास देतात ते त्यांनी फोडलेले ऑक्सिजनचे अणुकेंद्रक: त्या तुकड्यांतून किरणोत्सारी समस्थानिकं बनतात आणि काही मिलिसेकंदांनी किंवा काही सेकंदांनी अगदी सौर न्यूट्रिनोसारखा दिसणारा इलेक्ट्रॉन सोडतात. म्हणून प्रत्येक म्युऑनची वाट लक्षात ठेवून, त्या वाटेजवळ नंतर झालेल्या घटना वगळाव्या लागतात.

दुसरा शत्रू रेडॉन हा किरणोत्सारी वायू. खडकातून खाणीच्या हवेत आणि हवेतून पाण्यात तो शिरतो. त्याच्या क्षयसाखळीतल्या बिस्मथ-२१४ चा इलेक्ट्रॉन ३.२७ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जातो आणि मोजमापाची ऊर्जा-मर्यादा, म्हणजे ओळखू येणारी किमान ऊर्जा, खाली आणायला निघालेल्याची वाट नेमकी तिथेच अडवतो. म्हणून गुहेत रेडॉन काढलेली हवा सोडतात. पाणी तासाला साठेक टनांच्या हिशेबाने गाळण्या, आयन-विनिमय, अतिनील दिवे आणि वायू काढणाऱ्या पडद्यांतून फिरवतात आणि त्याचं तापमान १३ अंशांच्या आसपास धरून ठेवतात. तापमान चढलं तर टाकीत प्रवाह सुरू होतात आणि तळाचा रेडॉन मध्यभागी येतो, शिवाय जंतू वाढून पारदर्शकता घटते. चाळीस मीटरच्या टाकीत प्रकाश पुरेसा पोचायचा तर पाण्याची पारदर्शकता शंभर मीटरच्या घरात असावी लागते, आणि ती लेसरने नियमित तपासावी लागते. नळ्यांमधले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राने वळतात, म्हणून टाकीभोवती तारेची वेटोळी बसवून ते क्षेत्र बरंचसं निष्प्रभ केलं आहे. ऊर्जेची मोजणी बरोबर आहे याची खात्री करायला डोंगरात एक छोटा त्वरक, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, नेऊन ठेवला आणि ठाऊक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन टाकीत सोडले. खरा प्रयोग हाच आहे. टाकी बांधणं ही त्याची पूर्वतयारी.

आता योगायोगाच्या दंतकथेकडे वळू. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅजेलॅनिक मेघातल्या, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं दूरच्या एका ताऱ्याच्या स्फोटाचे न्यूट्रिनो पृथ्वीवर पोचले. कामिओकांडेने तेरा सेकंदांत अकरा घटना नोंदवल्या. त्या प्रयोगाचे प्रमुख मासातोशी कोशिबा पुढच्याच महिन्यात निवृत्त झाले आणि २००२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. यापेक्षा मोठं नशीब कुठलं, असं विचारलं जातं. तारा कधी फुटावा हे कुणाच्या हाती नव्हतं, एवढं नशीब मान्यच आहे. पण त्याच क्षणी अमेरिकेत ओहायोतल्या मॉर्टन मिठाच्या खाणीत आयएमबी हा दुसरा शोधक चालू होता. त्यात कामिओकांडेच्या दुपटीहून अधिक पाणी होतं. पाणी जास्त म्हणजे घटना जास्त, हा साधा हिशेब. मग आयएमबीला आठच का मिळाल्या?

कारण त्याची ऊर्जा-मर्यादा वर होती. २० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खालचं त्याला जवळजवळ दिसत नव्हतं, आणि विद्युतदाबाच्या एका पुरवठ्यात बिघाड झाल्याने त्या वेळी त्याच्या सुमारे पाव नळ्या बंद होत्या. कामिओकांडेच्या घटना साडेसात दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टपासून सुरू होतात. हा फरक कुठून आला? अमेरिकेतला प्रतिस्पर्धी मोठा आहे आणि त्याच्या पाण्याशी बरोबरी करायला आपल्याकडे पैसा नाही, हे ओळखून कोशिबांनी नळ्या मोठ्या करायला लावल्या. हामामात्सु कंपनीने ५० सेंटीमीटर व्यासाची नळी घडवली आणि टाकीच्या भिंतीचा पाचवा हिस्सा प्रकाशसंवेदी झाला. प्रोटॉनचा क्षय दिसेना, तेव्हा गटाने सूर्याच्या न्यूट्रिनोंसाठी यंत्र सुधारायला घेतलं: टाकी हवाबंद केली, पाण्यातून युरेनियम, रेडियम काढणारी यंत्रणा बसवली, बाहेरून येणारे कण ओळखायला भोवती पाण्याचा आणखी एक थर दिला, आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने वेळ मोजणारी नवी इलेक्ट्रॉनिक्स आणली. रेडॉन हटेपर्यंत महिने गेले. यंत्र १९८७ च्या सुरुवातीला त्या पात्रतेला पोचलं. तारा वर्षभर आधी फुटला असता तर त्याच टाकीत, तितक्याच पाण्यात, त्या घटना गोंगाटात बुडाल्या असत्या. आणि जिथे काळजी कमी पडली तिथे किंमतही मोजावी लागली. कामिओकांडेचं घड्याळ एका मिनिटाने मागे-पुढे असण्याची शक्यता होती, म्हणून त्या स्फोटाच्या अचूक वेळेसाठी जगाला आयएमबीच्याच घड्याळाकडे पाहावं लागतं. नशिबाला असा बारकाईचा हिशेब ठेवता येतो का?

यावर चांगला आक्षेप असा: ‘ते ठीक, पण मूळ उद्देश फसलाच ना? प्रोटॉनचा क्षय तर आजही सापडलेला नाही.’ आक्षेप वजनदार आहे, कारण पैसे त्याच नावावर मागितले होते. पण ‘सापडलं नाही’ या निकालाचीही प्रत असते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि जपानी सहकाऱ्यांच्या १४० टनांच्या लोखंडी शोधकाने प्रोटॉनक्षयाच्या संभाव्य घटना जाहीर केल्या होत्या. ते काम हलगर्जीपणाचं नव्हतं. त्या मानाच्या यंत्रात वातावरणातून येणाऱ्या न्यूट्रिनोंची नक्कल आणि खरा क्षय यांत फरक करणं कठीण होतं, एवढंच. हजारो टन पाण्याच्या टाक्यांनी तो दावा तपासला आणि तो टिकला नाही. आज सुपर-कामिओकांडेने घातलेली प्रोटॉनच्या आयुष्याची किमान मर्यादा एका प्रमुख क्षयमार्गासाठी २४ वर तेहतीस शून्यं इतक्या वर्षांच्या पुढे आहे. निसर्गातल्या बलांच्या एकीकरणाचा सर्वांत साधा सिद्धांत अशा मर्यादांनी कायमचा बाद झाला. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ले यांना ईथर सापडला नाही. तो पैसा वाया गेला असं आज कोण म्हणेल? ‘नाही’ हे उत्तर विश्वासार्ह असेल तर ते ज्ञानच आहे. प्रोटॉनक्षयाची नक्कल करणारे वातावरणीय न्यूट्रिनो मोजल्याशिवाय ‘नाही’ म्हणता येत नव्हतं, म्हणून ते नीट मोजले गेले. पुढचा शोध त्याच मोजणीतून निघाला.

तो शोध ५ जून १९९८ रोजी ताकायामा इथल्या परिषदेत सुपर-कामिओकांडेच्या गटातर्फे ताकाआकी काजिता यांनी मांडला. विश्वकिरण वातावरणावर आदळून न्यूट्रिनो तयार करतात. वरून येणारे पंधरा-वीस किलोमीटर चालून येतात, खालून येणारे पृथ्वीच्या पोटातून तेरा हजार. विश्वकिरण सगळ्या दिशांनी जवळजवळ सारखे येत असल्याने वरची आणि खालची संख्या सारखी असायला हवी. न्यूट्रिनोच्या तीन प्रकारांपैकी इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोंची तशी होती. खालून येणारे अधिक ऊर्जेचे म्युऑन-न्यूट्रिनो मात्र अपेक्षेच्या निम्मेच होते. वाटेत ते रूप बदलत होते, म्हणजे त्यांना वस्तुमान होतं. ही तूट कामिओकांडेने १९८८ मध्येच पाहिली होती. पण युरोपातल्या दोन लोखंडी शोधकांना ती दिसली नाही आणि पाण्यातलं वलय चुकीचं वाचलं जात असावं, अशी शंका घेतली गेली. ती शंका रास्त होती. उत्तर म्हणून जपानच्याच केईके या त्वरक प्रयोगशाळेत हजार टन पाण्याची टाकी त्वरकासमोर ठेवली, तिच्यात इलेक्ट्रॉन आणि म्युऑन वेगवेगळे सोडले आणि ओळखण्यातली चूक किती टक्के होते ते मोजून दाखवलं. ही असली कामं मथळ्यात येत नाहीत. ती झाली नसती तर १९९८ च्या मथळ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. दक्षिण डाकोटातल्या होमस्टेक खाणीत ६१५ टन धुलाईच्या रसायनातून आर्गॉनचे मोजके अणू वेचणाऱ्या रेमंड डेव्हिस यांना सूर्याचे न्यूट्रिनो अपेक्षेच्या एक तृतीयांशच मिळत होते, आणि तीसेक वर्षं त्यांच्या प्रयोगातच खोट शोधली गेली. त्यांचा निर्वाळा झाला तो कॅनडातल्या सडबरीच्या निकेल खाणीत, दोन किलोमीटर खोल ठेवलेल्या हजार टन जड पाण्यामुळे: इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो तेवढेच, पण तिन्ही प्रकारांची बेरीज सूर्याच्या हिशेबाशी जुळणारी.

मग पाणीच का, हाही प्रश्न विचारला जातो, आणि तो विचारायलाच हवा. कमी ऊर्जेच्या सौर न्यूट्रिनोंसाठी पाणी कुचकामी आहे. ते काम इटलीत बोरेक्सिनो या शोधकातल्या, कण गेला की चमकणाऱ्या तेलाने केलं. अणुभट्ट्यांच्या न्यूट्रिनोंसाठी चीनचा वीस हजार टनांचा जुनो शोधक पाण्याहून सरस आहे. घटनेतला प्रत्येक कण रेखीव पाहायचा तर द्रव आर्गॉन हवा. हायपर-कामिओकांडेची स्वतःची एक दुखरी जागाही सांगायला हवी: त्याच्यावर डोंगर साडेसहाशे मीटरच आहे, म्हणून म्युऑनचा मारा सुपर-कामिओकांडेपेक्षा कित्येक पट जास्त असेल आणि सौर न्यूट्रिनोंसाठी त्याला अधिक झगडावं लागेल. पण पाण्याकडे दोन गुण आहेत जे दुसऱ्या कशातही एकत्र नाहीत. ते लाखो टनांत परवडतं, आणि प्रयोग चालू असताना त्याचा स्वभाव बदलता येतो.

दुसऱ्या गुणाचा पुरावा ताजा आहे. सुपर-कामिओकांडेत प्रति-न्यूट्रिनोची (न्यूट्रिनोच्या प्रतिकणाची) क्रिया झाली की एक न्यूट्रॉन सुटतो, पण साध्या पाण्यात त्याची खूण फार फिकी असते. गॅडोलिनियम हा धातू पाण्यात मिसळला तर तो न्यूट्रॉन झटकन गिळतो आणि एकूण ८ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे गॅमा किरण सोडतो. ही कल्पना जॉन बीकम आणि मार्क व्हेगिन्स यांनी २००४ मध्ये मांडली. अंमल व्हायला २०२० उजाडलं. मध्ये काय चाललं होतं? दोनशे टनांची चाचणी-टाकी बांधून लोखंड आणि नळ्यांवर परिणाम होतो का ते पाहिलं. घाण काढेल पण गॅडोलिनियम ठेवील अशी शुद्धीकरण यंत्रणा घडवली. जुन्या टाकीतून दिवसाला टनभर पाणी झिरपत होतं, ते शुद्ध पाणी होतं तोवर चाललं, पण धातूचे क्षार घातलेलं पाणी डोंगरात सोडता येत नाही, म्हणून २०१८ मध्ये टाकी रिकामी करून सांधे बुजवले. मग १३ टन गॅडोलिनियम सल्फेट, २०२२ मध्ये आणखी २६ टन, आणि आता चारांतले तीन न्यूट्रॉन पकडले जातात. पंचवीस वर्षांच्या टाकीला नवी क्षमता आली ती देखभालीच्या पैशातून.

देखभालीतली चूक काय करते तेही याच टाकीने दाखवलं. १२ नोव्हेंबर २००१ रोजी दुरुस्तीनंतर पाणी भरताना तळाची एक नळी फुटली. आत निर्वात, बाहेर तीसेक मीटर पाण्याचा दाब. पाणी आत कोसळलं, त्याच्या धक्क्याने शेजारची फुटली, मग तिच्या शेजारची, आणि काही सेकंदांत जवळपास सात हजार नळ्या गेल्या. उरलेल्या नळ्या पसरून लावून वर्षभरात काम पुन्हा सुरू केलं, प्रत्येक नळीला अॅक्रिलिक आणि फायबरचं कवच दिलं, आणि पूर्ण संख्या २००६ मध्ये परत आली. असा अपघात आपल्याकडे झाला असता तर दुरुस्तीचा निधी कुठल्या शीर्षाखाली मिळाला असता?

प्रश्न निराशेतून आलेला नाही, कारण आपल्याकडे दोन्ही उदाहरणं आहेत. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीने तीस अँटेना तेच ठेवून ग्राहक यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स बदलली, आणि आज ती स्पंदक ताऱ्यांच्या मोजणीत जगाच्या बरोबरीने उभी आहे. उलट कोलारमध्ये १९६५ साली, २.३ किलोमीटर खोलीवर, वातावरणीय न्यूट्रिनो जगात सर्वप्रथम टिपणाऱ्यांत भारत होता. खाण तोट्यात गेली, खोल पातळ्या बंद होऊ लागल्या आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगही थांबले. जपानमध्येही कामिओकाची खाण जस्त-शिशाची होती आणि तिथलंही खोदकाम पुढे थांबलं. फरक असा की तिथे विद्यापीठाने डोंगर सोडला नाही.

थेनीला केंद्राने जानेवारी २०१५ मध्ये सुमारे १,५०० कोटी मंजूर केले. तिथे पाण्याऐवजी पन्नास हजार टन चुंबकित लोखंडाचा शोधक ठरला होता. गावकऱ्यांना किरणोत्साराची भीती घालण्यात आली आणि ती भीती निराधार होती, कारण न्यूट्रिनो तिथे असाही येतोच, बोगदा असो वा नसो. पण पश्चिम घाटातल्या बोगद्याचा राडारोडा, सुरुंग, पाण्याचे झरे हे प्रश्न खरे होते, आणि त्यांना ‘विज्ञानविरोधी’ म्हणून उडवून लावणं समर्थकांना भोवलं. ज्या गावाला तुम्ही ‘काय सापडेल सांगता येत नाही’ म्हणता, ते गाव ‘मग आमचा डोंगर का?’ असंच विचारणार. त्याऐवजी त्यांना सांगता आलं असतं की हे यंत्र न्यूट्रिनो आणि प्रति-न्यूट्रिनो वेगळे ओळखेल, कारण चुंबकक्षेत्रात त्यांचे म्युऑन उलट दिशांना वळतात. साध्या पाण्याला ते जमत नाही. इतक्या वर्षांत न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचा क्रम इतक्या खात्रीने ठरेल, आणि उशीर झाला तर दुसरे तो आधी ठरवतील.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा येते आहे. २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटींची मंजुरी मिळाली. आपल्या आकाशगंगेत पुढचा तारा फुटेल तेव्हा लहरी हिंगोलीत आणि न्यूट्रिनो जपानमध्ये एकाच वेळी येतील, प्रकाशाच्या काही तास आधी. सुपर-कामिओकांडेत तेव्हा हजारो घटना असतील आणि दिशाही त्याच सांगतील. असा स्फोट शतकात एक-दोनदाच होतो आणि आपल्या आकाशगंगेतला नुसत्या डोळ्यांनी नीट पाहिलेला शेवटचा १६०४ सालचा आहे. त्या दिवशी यंत्र चालू असायला हवं, पूर्ण संवेदनशीलतेवर, आणि घड्याळ बरोबर असायला हवं. म्हणून आमदार, खासदार, पत्रकार यांनी आजच विचारायचे प्रश्न असे: बांधकामानंतरच्या वीस वर्षांचा चालवण्याचा खर्च कुठे लिहिला आहे? रात्रपाळीला तंत्रज्ञ किती, कायम किती आणि कंत्राटी किती? सुटे भाग किती वर्षांचे घेऊन ठेवणार? संवेदनशीलतेचं ठरलेलं उद्दिष्ट दरवर्षी जाहीर होणार का, आणि ते चुकलं तर कारण कोण सांगणार?